नाशिकची श्वेत वाइन : फ्रेंच वाणाचा स्वभाव आणि त्याचा कर्ता

प्रस्तावना :

नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात वाइन हा शब्द आता नवा राहिलेला नाही. गंगापूर धरणाचा परिसर, दिंडोरी, निफाड आणि इगतपुरी या तालुक्यांत वाइन निर्मितीचे कारखाने उभे राहिले आणि पर्यटनाच्या नकाशावर या जिल्ह्याला तीर्थक्षेत्राबरोबरच आणखी एक ओळख प्राप्त झाली. तथापि वाइनविषयीची आपल्याकडील चर्चा बहुतांशी दोन टोकांवर चालते. एका टोकाला उद्योग, महसूल व पर्यटन असते. दुसऱ्या टोकाला मद्यपानाचा सामाजिक प्रश्न असतो. दोन्ही बाजू महत्त्वाच्या असल्या, तरी ही वस्तू मुळात कशी घडते, तिची चव कोठून येते आणि ती घडविणारा कोण, हे प्रश्न या चर्चेत मागे पडतात.

नाशिकमध्ये तयार होणारी श्वेत वाइन मुख्यतः दोन फ्रेंच वाणांपासून बनते : शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ. दोहोंचे मूळ फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्याशी जोडले जाते. तेथील वाण गोदावरीच्या खोऱ्यात आल्यावर त्याच्या स्वभावात काय टिकले, काय बदलले आणि हा बदल कोणी घडविला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या विचारातून ‘वाइनचा कर्ता’ या संकल्पनेचीही फेरतपासणी करणे क्रमप्राप्त ठरते.

ल्वार खोऱ्यातील स्वभाव :

शेनिन ब्लाँ या द्राक्षाचे प्रमुख वैशिष्ट्य म्हणजे त्याची नैसर्गिक आम्लता होय. फळ पूर्ण पिकले तरी हे आम्ल बऱ्याच अंशी टिकून राहते. त्यामुळे एकाच वाणापासून कोरडी, मध्यम गोड, अतिगोड आणि फेसाळ अशा चारही प्रकारांची वाइन करता येते. व्हूव्रे हे या वाणाचे एक प्रसिद्ध क्षेत्र आहे. साखर पूर्णपणे आंबून गेली की वाइन कोरडी राहते. काही साखर न आंबता उरली की ती गोड होते. व्हूव्रेमध्ये हा निर्णय परंपरेने त्या त्या वर्षाच्या हवामानावर सोपविला गेला आहे. थंड वर्षी कोरडी वाइन, उबदार वर्षी गोड वाइन असा तेथील सर्वसाधारण क्रम आहे. शरद ऋतूत नदीकाठी धुके पडते आणि त्या दमटपणात मण्यांवर एक विशिष्ट बुरशी वाढते. ती मण्यातील पाणी कमी करून साखर व आम्ल दोन्ही एकवटते. म्हणून या बुरशीला तेथे उपकारक मानले जाते व अशा मण्यांसाठी एकाच बागेत अनेक वेळा फिरून तोडणी केली जाते.

सोव्हिन्याँ ब्लाँचा स्वभाव निराळा आहे. सांसेर आणि पुयी-फ्युमे या क्षेत्रांची नावे या वाणामुळे जगाला माहीत झाली. ताज्या गवताचा, ढोबळी मिरचीचा आणि लिंबूवर्गीय फळांचा वास ही त्याची खूण. यांपैकी हिरवा वास मेथॉक्सिपायराझीन या संयुगांमुळे येतो. सूर्यप्रकाश व उष्णता वाढली की त्यांचे प्रमाण घटते. फळांचा वास ज्या गंधकयुक्त संयुगांमुळे येतो, ती द्राक्षात गंधहीन रूपात बांधलेली असतात आणि किण्वनाच्या वेळी यीस्टच्या क्रियेने मोकळी होतात. म्हणजे एक वास बागेत ठरतो, तर दुसरा बहुतांशी टाकीत उमलतो.

या खोऱ्यातील कर्ता कसा असतो, हे व्हूव्रेमधील युएत घराण्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. हा बागा-कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला. गास्तों युएत यांनी तो नावारूपाला आणला. दुसऱ्या महायुद्धात ते पाच वर्षे युद्धकैदी होते. परतल्यावर त्यांनी बाग सांभाळली आणि अनेक दशके व्हूव्रेचे महापौरपदही भूषविले. त्यांच्या तीन बागांची वाइन स्वतंत्र ठेवली जाते व बाटलीवर त्या बागेचे नाव छापले जाते. छाटणी, तोडणीचा दिवस, तळघरातील पिंप आणि बाटलीवरील नाव हे सारे एकाच घराच्या हाती असते. फ्रेंच भाषेत अशा व्यक्तीला ‘व्हिन्यरों’ म्हणतात. द्राक्ष पिकविणारा आणि वाइन करणारा असा भेद या शब्दात नाही.

नाशिकची द्राक्षपरंपरा :

नाशिक जिल्ह्यात द्राक्षशेती वाइनच्या कितीतरी आधी रुजली. ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी १९२५ च्या सुमारास द्राक्षलागवड केली, असे सांगितले जाते. पुढे थॉमसन सीडलेस व त्यापासून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका यांसारख्या वाणांनी जिल्ह्याचे अर्थकारण बदलले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाने तंत्रज्ञानाचा प्रसार केला. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. या सर्व प्रयत्नांचा रोख खाण्याच्या द्राक्षांवर होता.

महाराष्ट्रात आधुनिक वाइनचा आरंभ पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे झाला. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी तेथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइन तयार केली. नाशिकमध्ये मात्र फ्रेंच श्वेत वाणांचे पर्व १९९७ मध्ये सुरू झाले.

राजीव सामंत आणि गंगापूरचा प्रयोग :

या पर्वाशी राजीव सामंत यांचे नाव जोडलेले आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिक्षण घेऊन व कॅलिफोर्नियातील ओरॅकल या संगणक कंपनीत नोकरी करून ते १९९० च्या दशकाच्या आरंभी भारतात परतले. गंगापूर धरणाजवळ त्यांच्या कुटुंबाची जमीन होती. तेथे त्यांनी प्रथम आंबा, गुलाब व खाण्याची द्राक्षे असे प्रयोग केले. कॅलिफोर्नियातील वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांच्या सल्ल्याने १९९७ मध्ये त्यांनी सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या वाणांची लागवड केली. भारतात या वाणांचा व्यापारी वापर त्यापूर्वी रूढ नव्हता. आई सुलभा यांच्या नावावरून कारखान्याचे नाव ‘सुला’ ठेवण्यात आले आणि २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आली.

हा प्रयोग वरवर पाहता एका उद्योजकाची यशोगाथा वाटतो. परंतु त्यातील खरे आव्हान शेतीशास्त्रीय होते. सुमारे ४७ अंश उत्तर अक्षांशावरील वाण सुमारे २० अंशांवर, समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर, काळ्या व मुरमाड जमिनीत लावायचा होता. येथे वेलीला बर्फाखालची विश्रांती नाही. पावसाळ्यात घड धरला तर तो केवडा व करपा रोगांना बळी पडणार आणि उन्हाळ्यात पिकला तर त्यातील आम्ल नाहीसे होणार. या दोन अडचणींच्या मधली हिवाळ्याची वाटच काय ती मोकळी होती.

तोडणीचा दिवस :

ही वाट नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला आधीच माहीत होती. येथे वर्षातून दोन छाटण्या होतात. एप्रिलच्या खरड छाटणीने नव्या काड्या येतात व त्यांच्या डोळ्यांत घडाची निर्मिती होते. पावसाळा सरता सरता केलेल्या गोडी छाटणीनंतर घड बाहेर पडतात. वेल एकसारखी फुटावी म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावले जाते. वाइनची द्राक्षे सर्वसाधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात तोडणीस येतात. ल्वारमध्ये निसर्ग वेलीला वर्षातून एकदा झोपवितो व जागे करतो. नाशिकमध्ये ते काम कात्री करते.

दोन्ही खोऱ्यांतील सर्वांत महत्त्वाचा भेद येथे आढळतो. ल्वार खोऱ्यात द्राक्ष ऑगस्टच्या उबेकडून ऑक्टोबरच्या गारव्याकडे जाताना पिकते. दिवसागणिक तापमान उतरते, त्यामुळे थांबणाऱ्या शेतकऱ्याला वास आणि गोडी मिळत असतानाच आम्लही बरेचसे शिल्लक राहते. नाशिकमध्ये क्रम उलटा आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातील नीचांकी तापमानाची बातमी वर्तमानपत्रांत झळकते, तर मार्चमध्ये त्याच शिवारात पारा पस्तिशीकडे झेपावतो. येथे द्राक्ष थंडीकडून उष्णतेकडे जाताना पिकते. द्राक्षातील मॅलिक आम्ल उष्णतेत वेगाने खर्ची पडते, टार्टारिक आम्ल तुलनेने स्थिर राहते. परिणामी, येथे थांबणे म्हणजे साखर मिळविणे आणि आम्ल गमावणे होय.

साखरेचे प्रमाण ब्रिक्स या एककात मोजतात. साधारणपणे ब्रिक्सच्या आकड्याला ०.५५ ने गुणले असता संभाव्य अल्कोहोलचे प्रमाण कळते. २२ ब्रिक्सच्या रसापासून सुमारे १२ टक्के अल्कोहोलची कोरडी वाइन मिळते. ल्वारमधील निर्माता पूर्वापार साखर पुरेशी वाढावी याची वाट पाहत आला. नाशिकमधील निर्माता आम्ल उतरण्याच्या आत साखर गाठण्याची धडपड करतो. शेनिन ब्लाँ हा वाण नाशिकमध्ये रुजला, याचे मोठे कारण त्याची आम्ल धरून ठेवण्याची मूळ वृत्ती हेच आहे. सोव्हिन्याँ ब्लाँच्या बाबतीत लवकर तोडणी केल्यास हिरवा वास टिकतो, उशीर केल्यास तो विरतो. म्हणून या वाणात तोडणीच्या काही दिवसांचा फरकही वाइनचा चेहरा बदलतो.

तळघराऐवजी थंड टाकी :

ल्वारकाठी चुनखडीच्या खडकात खोदलेली तळघरे वर्षभर थंड असतात. नाशिकमध्ये ते काम पोलादी टाक्या करतात. द्राक्षे पहाटेच्या गारव्यात तोडून लवकरात लवकर कारखान्यात आणली जातात. देठ काढून मणी हलक्या दाबाने पिळले जातात, कारण साल व बी अधिक दाबली गेल्यास कडवटपणा उतरतो. रस थंड करून गाळ बसू दिला जातो आणि निवडक यीस्ट मिसळून साधारण १२ ते १६ अंश सेल्सिअस तापमानात किण्वन होते. टाकीच्या दुहेरी भिंतीतून थंड द्रव फिरवून हे तापमान राखले जाते. तापमान वाढू दिल्यास किण्वन लवकर उरकते, पण सुगंधी द्रव्ये वायूबरोबर निघून जातात. मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करणारे दुसरे किण्वन या वाइनमध्ये सहसा टाळले जाते. कारण येथे आम्ल जपायचे असते.

म्हणूनच नाशिकच्या श्वेत वाइनमागे विजेचा अखंड पुरवठा हा एक अदृश्य घटक आहे. फ्रान्समध्ये जे हवामान व खडक देतात, ते येथे यंत्राने, म्हणजे भांडवलाने मिळवावे लागते.

गोडीचा निर्णयही येथे वेगळ्या ठिकाणी होतो. व्हूव्रेमध्ये कोरडी की गोड हे वर्ष ठरविते. नाशिकमध्ये तोडणीचा हंगाम बहुधा कोरडा असल्याने वर्षावर्षांतील फरक तुलनेने कमी असतो. त्यामुळे निर्माता ग्राहकाकडे पाहून निर्णय घेतो. शेनिन ब्लाँमध्ये थोडी साखर राखून किण्वन थांबविण्याची पद्धत नाशिकमध्ये रूढ झाली, कारण ही गोडी आम्लाची धार कमी करते आणि तिखट, मसालेदार जेवणाशी जुळते. वाइनची सवय नसलेल्या भारतीय ग्राहकालाही ती सोपी वाटते. उशिरा तोडलेल्या शेनिन ब्लाँपासून येथे अतिगोड वाइनही केली जाते. परंतु तीत ल्वारच्या उपकारक बुरशीचे कार्य नसते. नाशिकला तोडणीच्या वेळी नदीवरचे धुके नाही, आणि घट्ट घडात पाणी शिरले तर येथे केवळ नासाडी होते. साखर एकवटते ती मार्चच्या कोरड्या हवेने.

याच वाणाच्या आम्लतेमुळे नाशिक फेसाळ वाइनलाही अनुकूल ठरले. फ्रान्समधील मोएत हेनेसी समूहाने २०१३ मध्ये नाशिक जिल्ह्यात तयार केलेली फेसाळ वाइन बाजारात आणली, तेव्हा तिच्या मिश्रणातही शेनिन ब्लाँचा समावेश होता.

कर्ता कोण? :

वरील विवेचनातून वाइनचा स्वभाव दोन ठिकाणी घडतो हे दिसून येते : बागेत आणि टाकीत. ल्वारमधील व्हिन्यरों दोन्ही ठिकाणी उभा असतो. नाशिकमध्ये सर्वसाधारणपणे ही दोन माणसे भिन्न असतात. याला कायद्याची पार्श्वभूमी आहे. महाराष्ट्र शेतजमीन (जमीन धारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, १९६१ आणि त्यातील नंतरच्या सुधारणांनुसार बारमाही सिंचनाखालील जमिनीची कमाल मर्यादा १८ एकर आहे. मोठ्या प्रमाणावर वाइन करू पाहणाऱ्या कारखान्याला स्वतःच्या बागांवर भागविणे त्यामुळे शक्य नसते. त्याला शेतकऱ्यांशी दीर्घ मुदतीचे करार करावे लागतात. सुलासह अनेक कारखान्यांची वाढ या करारशेतीवर झाली आहे.

करारातील दोन पक्षांचे हित बागेत नेहमीच एका दिशेने जात नाही. खाण्याच्या द्राक्षात मणी मोठा व घड भरदार हवा असतो. त्यासाठी जिब्रेलिक आम्लाचा वापर होतो आणि एकरी दहा टन किंवा त्याहून अधिक उत्पादन निघते. वाइनसाठी मणी लहान, सालीचे प्रमाण अधिक आणि उत्पादन मर्यादित हवे असते. शेवटच्या टप्प्यात पाणी तोडले तर रस दाट होतो, पण वजन घटते. वजनावर पैसे मिळणाऱ्या शेतकऱ्याला पाणी तोडणे परवडत नाही. केवळ ब्रिक्सवर भाव ठरला तर आम्ल गमावूनही थांबण्याचा मोह होतो. म्हणजे दर ठरविण्याचे सूत्र हेच वाइनच्या चवीचे एक सूत्र ठरते. साखर, आम्ल आणि सामू या तिन्हींचा विचार करणारा व कमी उत्पादनाची भरपाई देणारा करार झाला, तरच बागेत वाइनला साजेसे द्राक्ष येते.

जोखमीचे वाटपही विषम आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने महाराष्ट्रातील फळबागांची मोठी हानी केली. अशा वेळी तोडणीपर्यंतचे नुकसान प्रामुख्याने बागायतदाराच्या पदरी पडते. बाजार कोसळला तरी पहिला फटका त्यालाच बसतो. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून सवलती दिल्या, विंचूर येथे वाइन पार्क उभारला आणि कारखान्यांची संख्या झपाट्याने वाढली. परंतु २००८ च्या जागतिक मंदीनंतर व त्याच वर्षीच्या मुंबईवरील हल्ल्यानंतर मागणी घसरली. अनेक कारखाने अडचणीत आले आणि शेतकऱ्यांवर वाइनच्या वेली उपटण्याची किंवा त्यांवर खाण्याच्या द्राक्षाचे कलम करण्याची वेळ आली. टाकीतील वाइनला ग्राहकाची वाट पाहता येते. वेलीवरच्या घडाला ती सोय नाही.

शेतकऱ्याचे नाव, शेतकऱ्याचे हित :

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला. अण्णा हजारे यांनी त्याविरुद्ध उपोषणाचा इशारा दिला आणि मोठा वाद झाला. निर्णयाचे समर्थन द्राक्ष उत्पादकाच्या हिताच्या नावाने झाले. या युक्तिवादातील एक बाब मात्र दुर्लक्षित राहिली. नाशिकचे बहुसंख्य द्राक्ष उत्पादक खाण्याच्या वाणांचे उत्पादन घेतात. दर कोसळल्यावर उरलेली थॉमसन सीडलेस कारखान्यात नेऊन त्यापासून उत्तम श्वेत वाइन करता येत नाही. तिच्यात ना शेनिन ब्लाँचे आम्ल असते, ना सोव्हिन्याँ ब्लाँचा गंध. वाइनच्या खपाचा थेट लाभ वाइनचे वाण लावणाऱ्या मर्यादित शेतकऱ्यांना होतो, आणि तोही करार न्याय्य असेल तरच. या निर्णयाच्या सामाजिक परिणामांविषयी मतभेद असणे स्वाभाविक आहे. परंतु शेतकऱ्याच्या नावाने युक्तिवाद करताना तो शेतकरी नेमका कोणता, हे सांगणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष :

१. नाशिकच्या श्वेत वाइनचा वाण फ्रेंच असला, तरी तिचा स्वभाव फ्रेंच वाइनची प्रतिकृती नाही. थंडीकडून उष्णतेकडे पिकणारे द्राक्ष, दोन छाटण्यांचे चक्र, थंड टाकीतील किण्वन आणि भारतीय जेवणाशी जुळणारी गोडी यांतून तो स्वतंत्रपणे घडला आहे.

२. या घडणीत राजीव सामंत यांच्यासारख्या उद्योजकाचे योगदान निर्विवाद आहे. येथे कोणता वाण जगेल व कोणत्या ऋतूत पिकेल, याचा धोका पत्करून त्यांनी तो सिद्ध केला.

३. तथापि वाइनचा निम्मा स्वभाव बागेत ठरतो. गोडी छाटणीचा मुहूर्त, पाण्याचे नियमन आणि तोडणीचा दिवस सांभाळणारा करारदार बागायतदार हा या वाइनचा सहकर्ता आहे.

‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला आहे. भौगोलिक निर्देशांकाचा अर्थ असा, की वस्तूचा गुण त्या भूमीशी आणि तेथील माणसांच्या कौशल्याशी बांधलेला आहे. फ्रान्समध्ये बाटलीवर बागेचे नाव येते, कारण बाग आणि नाव यांचा धनी एकच असतो. नाशिकच्या बाटलीवर आज खोऱ्याचे नाव येऊ शकते. ज्या शिवारात ते द्राक्ष पिकले त्या गावाचे व ते पिकविणाऱ्याचे नाव त्यावर येण्यासाठी चवीइतकाच कराराचाही दर्जा उंचावावा लागेल.